क्रितामध्ये आजीची गोष्ट अॅनिमेट केली, बडोद्यातून सविस्तर रिव्ह्यू

घरातल्या कुणा म्हाताऱ्या माणसाचा आवाज फोनमध्ये पडून आहे आणि त्याचं काहीतरी व्हायला हवं असं ज्यांना सारखं वाटतं, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय. मी आणि ताईनं आमच्या आजीच्या तोंडची एक गोष्ट हातानं चित्रं काढून छोट्या अॅनिमेशन फिल्ममध्ये केली, आणि जवळजवळ सगळी क्रितामध्ये केली. क्रिता म्हणजे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि २०१६ च्या ३.० व्हर्जनपासून त्यात फ्रेम बाय फ्रेम, म्हणजे एकेक चित्र काढून करायच्या अॅनिमेशनची सोय आहे. मला ते मनापासून आवडलंय हे आधीच सांगते. पण कशासाठी आवडलं आणि कुठे त्याच्या भरवशावर राहू नये हे नीट सांगायला हवं, कारण मला सापडलेले बहुतेक रिव्ह्यू ड्रॅगन नाहीतर अॅनिमे कॅरेक्टर काढणाऱ्यांचे होते, त्यात आवाजाबद्दल कुणी बोलतच नाही. आमच्याकडे आवाज आधी होता, चित्रं नंतर आली.

कल्पना ताईची. तिनं स्टोरीकॉर्प्सची एक छोटी फिल्म बघितली होती. स्टोरीकॉर्प्स ही अमेरिकेतली संस्था, २००३ साली न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात एक छोटंसं बूथ टाकून सुरू झालेली, ओळखीतली दोन माणसं आत बसतात, एक विचारतो दुसरा सांगतो, आणि ती रेकॉर्डिंग्ज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवतात. २०१० पासून त्यातल्या काही निवडक गोष्टींचं अॅनिमेशन करतात. ताईनं बघितलेली गोष्ट चंकी सांचेझ या मेक्सिकन-अमेरिकन गायकानं सांगितलेली, कॅलिफोर्नियातल्या ब्लाइथ गावातल्या त्याच्या शाळेची. १९५० च्या दशकात तिथले शिक्षक मेक्सिकन पोरांची नावं परस्पर इंग्रजी करून टाकायचे, रामोनचा रेमंड व्हायचा, आणि फकुंडो नावाच्या पोराचं काय करावं तेच त्यांना सुचेना कारण ते नाव तोडलं की शिवी ऐकू यायची, म्हणून तेवढा एकटा आपल्या खऱ्या नावानं राहिला. आवाज सांचेझचाच, कुणी नट आणून बोलून घेतलेलं नाही. ताईनं मला रात्री लिंक पाठवली आणि खाली एवढंच लिहिलं, "आजीचं असं करूया."

मग ती त्या विषयात पार शिरली. १८४८ साली ग्वादालुपे इदाल्गोचा तह झाला आणि मेक्सिकोचा जवळजवळ निम्मा मुलूख अमेरिकेत गेला, म्हणजे तिथे राहणारी माणसं घराचा उंबरा न ओलांडता दुसऱ्या देशात जाऊन पडली. आम्ही सरहद्द ओलांडली नाही, सरहद्दच आमच्यावरून गेली, असं त्यांच्यात म्हणतात. पुढे १९४२ ते १९६४ या काळात ब्रासेरो योजनेखाली मेक्सिकोतून शेतमजूर करारावर अमेरिकेत नेले, एकूण ४६ लाखांच्या आसपास करार झाले, पण करारावर किती लिहिलेलं असणार, तो माणूस तिकडे काय जेवायचा, पत्रं कोण वाचून दाखवायचं, परत आला तेव्हा धाकट्या पोरानं त्याला ओळखलं का, हे सगळं घरात तोंडीच राहिलं. एल पासोच्या टेक्सास विद्यापीठात १९७२ पासून तोंडी इतिहास गोळा करणारं केंद्र आहे, ब्रासेरोंच्या मुलाखतींचा मोठा संग्रह तर ऑनलाइन ऐकता येतो. आणि आता नाती-पणतींची पिढी आपापल्या घरचं हे बोलणं घेऊन अॅनिमेशन करतेय, त्याबद्दल ताई इतकं वाचायची की जेवताना सुद्धा तेच.

बडोद्याच्या मराठी माणसाला यातलं फार समजावून सांगावं लागत नाही. १ मे १९४९ ला गायकवाडांचं राज्य मुंबई राज्यात गेलं आणि १ मे १९६० ला बडोदं गुजरातमध्ये आलं, आमचं दांडिया बाजारातलं घर मात्र होतं तिथंच. तिकडे लढाई होऊन देश बदलला, इकडे कागदावर राज्य बदललं, दोन्हीत फरक खूप आहे आणि ताईनं मला तो पुन्हा पुन्हा बजावला, उगाच त्यांचं दुःख आपल्याला चिकटवू नकोस म्हणून. पण घराघरांत काय झालं ते कुणी लिहून ठेवलं नाही, एवढं सारखं आहे.

आजी तेव्हा शाळेत होती. वडील कचेरीत कारकून, थोरला भाऊ पण सरकारी नोकरीत. राज्यं वेगळी झाली तेव्हा भावानं नोकरीसाठी मुंबई निवडली, वडील इथं राहिले. आजीची गोष्ट तो भाऊ बायको-पोरांना घेऊन निघाला त्या सकाळची, आणि त्यातला निम्मा भाग पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबाचा. वहिनीला बंब न्यायचा होता, आजीच्या आईचं म्हणणं मुंबईच्या खोलीत तू हा पेटवणार कुठे, धूर कुठे जाणार, आणि यावरून दोघी इतक्या बोलल्या की भाऊ चाललाय याबद्दल कुणी काही बोललंच नाही. बंब शेवटी इथंच राहिला. अजून गच्चीवर आहे.

आता सॉफ्टवेअरकडे येते. क्रितात साउंड फाइल सरळ अॅनिमेशनला जोडता येते, आणि टाइमलाइनवर कर्सर मागेपुढे ओढला की त्या जागेचा आवाज तुकड्या-तुकड्यानं ऐकू येतो. माझ्या मते आमच्यासारख्यांनी क्रिता घ्यायचं सगळ्यात मोठं कारण हेच. आजी रेकॉर्डिंगच्या वेळी मेथी निवडत होती, स्टीलच्या ताटावर तिच्या बांगड्या वाजतात, तो आवाज पूर्ण रेकॉर्डिंगभर आहे. ताईचं पहिलं म्हणणं की तो काढून टाकूया. मी म्हटलं नाही, तोच धरूया. मग बांगडी वाजते तिथे कर्सर नेऊन नेमकी ती फ्रेम शोधायची, तिथे हात खाली आलेलं चित्र टाकायचं, त्याच्या आधी दोन चित्रं हात वर जाण्याची, असं करत आख्खी फिल्म आजीच्या हातांवर उभी राहिली. चेहरा आम्ही फार कमी दाखवलाय. ओठ हलवायचे नाहीत हे पहिल्यापासून ठरलेलं, कारण ओठ जुळवायला गेलं की ती आजी राहत नाही, कार्टून होतं.

एका ठिकाणी ती थांबते. "टांगा आला ने, मग दादा..." एवढं म्हणून गप्प. जवळजवळ पाच सेकंद काही नाही, नुसती बांगडी एकदा, आणि मग म्हणते, "तुमची भाजी राहिली बघ." २४ एफपीएसला, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर, पाच सेकंद म्हणजे १२० फ्रेम. ताईला तिथे टांगा जाताना दाखवायचा होता, छान दिसलाही असता, पण मला ते पटेना आणि यावर आमचं चांगलंच वाजलं. शेवटी तिथे चित्र होल्डवर ठेवलं. क्रितात होल्ड करायला काही करावं लागत नाही, पुढची कीफ्रेम, म्हणजे जिथे नवं चित्र सुरू होतं ती फ्रेम, लांब सरकवली की मधल्या सगळ्या जागेत तेच चित्र राहतं. एका वेगळ्या लेयरवर फक्त अंगठा मेथीची काडी हळूच फिरवतो, तेवढीच काय ती हालचाल. ज्यांनी ज्यांनी बघितलं ते सगळे तिथे गप्प होतात, आमची आत्या तर उठून आत गेली.

ज्यांनी कधी अॅनिमेशन केलं नाही त्यांच्यासाठी थोडं हिशेबाचं. सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी २४ चित्रं काढायची गरज नसते, एक चित्र दोन फ्रेम ठेवलं तरी चालतं, म्हणजे सेकंदाला १२. तरी एका मिनिटाला ७२० चित्रं होतात! दोघी नोकरी करणाऱ्या मुलींना हे शक्य नाही हे उघड आहे. म्हणून जिथे आवाजात काही घडतंय तिथंच हालचाल ठेवा आणि बाकीच्या ठिकाणी चित्र शांत राहू द्या. ऐकणारा आवाजाच्या मागे असतो, त्याला सतत काही हलताना नको असतं. अनियन स्किन चालू ठेवलं की आधीचं चित्र एका रंगात आणि पुढचं दुसऱ्या रंगात खाली पुसट दिसतं, त्यावरून मधलं काढायचं, हे क्रितात अगदी व्यवस्थित आहे, किती चित्रं मागची दिसावीत किती पुढची ते पण ठरवता येतं. ब्रश तर इतके आहेत की सुरुवातीला माणूस त्यातच हरवतो, तेव्हा एक पेन्सिल एक वॉटरकलर निवडा आणि बाकीच्यांकडे बघू नका.

आणखी एक गोष्ट जिच्याबद्दल कुणी बोलत नाही ती स्टोरीबोर्ड डॉकर, म्हणजे शॉटची आखणी करायची खिडकी, क्रिताच्या ५.० व्हर्जनपासून आलेली. प्रत्येक शॉटचं छोटं चित्र, खाली किती सेकंद आणि काय बोललंय ते लिहायची जागा, आणि सगळं पीडीएफ करून निघतं. आम्ही ते मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आजीसमोर ठेवलं, खरं म्हणजे नुसतं दाखवायला. तिनं चष्मा लावला, टांग्याच्या चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "अगं, या टांगेवाल्यानं पैसे घेतलेच नाहीत ना दादाकडून, स्टेशनपर्यंत सोडलं आणि म्हणाला साहेब परत याल तेव्हा द्या." हे तिनं आधी कधीच सांगितलं नव्हतं, बाबांना सुद्धा माहीत नव्हतं. ताईनं तिथल्या तिथे फोन चालू केला. त्यामुळे माझं आग्रहाचं सांगणं आहे की स्टोरीबोर्ड कच्चा असतानाच सांगणाऱ्याला दाखवा, पूर्ण फिल्म करून सरप्राइज द्यायच्या भानगडीत पडू नका, चित्र बघून माणसाला पुढचं आठवतं.

आणि विचारून घ्या. आजीनं वहिनीबद्दल एक वाक्य बोललं होतं, रागातलं, आणि प्रिंट बघताना म्हणाली ते नको घालू, ती आता नाही. आम्हाला ते वाक्य फार आवडलं होतं तरी काढलं. तोंडी इतिहासाचं काम करणारे बहुतेकजण हेच सांगतात की रेकॉर्डिंग देणाऱ्याचा शब्द शेवटचा, आणि घरच्या माणसाच्या बाबतीत तर आपण हे सहज विसरतो, आपलीच आजी आहे म्हणून.

आता जिथे सांभाळायचं ते. क्रिता मुळात चित्राचं सॉफ्टवेअर आहे आणि अॅनिमेशनच्या फ्रेम रॅममध्ये धरून ठेवतं. १९२० बाय १०८० ची एक पूर्ण रंगवलेली फ्रेम साधी ८ बिटची धरली तरी ८ एमबीच्या आसपास जाते, लेयर तीन असले तर तिप्पट, म्हणजे एक मिनिटाचा सलग सीन एकाच फाइलमध्ये करायला गेलं की साध्या लॅपटॉपची हवा जाते. यावर उपाय सरळ आहे, प्रत्येक शॉटची फाइल वेगळी, पाच ते दहा सेकंदांची, आवाजाचाही तेवढाच तुकडा कापून त्याला जोडलेला. मागचं दृश्य, म्हणजे ओटी, जिना, खिडकी, हे हलत नसेल तर एकच फ्रेम ठेवायची, ती काही जागा खात नाही. १६ बिट कलर वगैरे निवडू नका, जागा दुप्पट लागते आणि असल्या कामात फरक दिसत नाही.

आणि शॉट जोडायचं काम क्रितात करू नका, ते त्याचं कामच नाही. क्रितातून इमेज सीक्वेन्स (क्रमानं एकेक चित्राची फाइल) किंवा व्हिडिओ काढायचा आणि कीडेनलाइव्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायचा, ते पण फुकट आहे आणि जुन्या मशीनवर बरं चालतं. मराठी टायटल आम्ही तिथेच टाकली, 'मुक्त' (Mukta) नावाचा फॉन्ट वापरला, जोडाक्षरं स्वच्छ येतात आणि लहान स्क्रीनवर पण वाचता येतो. क्रिताची व्हर्जन ५.२ किंवा त्याच्या पुढचीच घ्या, आवाज आणि चित्र बरोबर चालण्याचं काम त्यात बरंच सुधारलंय, आणि जुन्या व्हर्जनमध्ये व्हिडिओ काढायला एफएफएमपेग नावाचं वेगळं सॉफ्टवेअर उतरवून घ्यावं लागायचं.

आवाजाबद्दल थोडं जास्त लिहिते कारण लोक इथेच घाई करतात. रेकॉर्डिंग आधी ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचं, ते पण फुकट. माणूस बोलायला लागायच्या आधी खोलीचा नुसता आवाज थोडा वेळ रेकॉर्ड झालेला असला पाहिजे, पंखा, रस्ता, फ्रिज, जे असेल ते. मग तेवढा तुकडा सिलेक्ट करून नॉइज प्रोफाइल (नको असलेल्या आवाजाचा नमुना) घ्यायचं आणि बाकीच्यावर लावायचं, पंख्याची घरघर बरीच खाली जाते. पण बेतानं, जास्त ओढलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि म्हाताऱ्या माणसाच्या आवाजातली थरथर पण जाते, जी आपल्याला हवी असते. आम्ही पंखा थोडा ठेवलाय, दुपारची वेळ आहे हे त्यावरूनच कळतं. फाइल डब्ल्यूएव्ही, ४८ किलोहर्ट्झ ठेवा, व्हिडिओला तेच चालतं. आणि ऑडॅसिटीत प्रत्येक वाक्यावर लेबल लावून घेतलं की कुठला शॉट किती सेकंदांचा ते आधीच हातात येतं, आम्ही ती यादी भिंतीवर चिकटवली होती.

पेन टॅबलेट लागतोच, माउसनं हे होणार नाही. स्क्रीन नसलेला छोटा पुरतो, पेनला बॅटरी लागणार नाही असा बघा. आम्ही जिथून घेतला त्या दुकानाचं नाव घेत नाही पण बॉक्स आधी उघडलेला होता आणि आतल्या जादा निबा गायब, विचारलं तर कंपनीकडूनच असं येतं म्हणाले. तेव्हा दुकानातच समोर उघडून बघा.

चित्रांच्या स्टाइलबद्दल सांगायचा मोह आवरत नाही. ताईला स्टोरीकॉर्प्सच्या फिल्मसारखं सपाट रंगांचं, गोल डोक्यांचं नको होतं. त्यांचं त्यांना शोभतं, आपल्या गावात आपलं पडलंय की. आम्ही रावपुऱ्यात तांबेकर वाड्यात जाऊन बसलो. एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत तिथे, भिंतीभर, कृष्णाच्या गोष्टी, महाभारत, आणि त्यात घरं, पागोट्या, नऊवारीतल्या बायका अशा काही काढल्यात की आजीच्या आईचं लुगडं कसं काढायचं हा प्रश्नच सुटला. रंगही तिथलेच घेतले, तो विटकरी आणि तो थोडा मळका हिरवा. बडोद्यात राहून ज्यांनी हा वाडा बघितला नाही त्यांनी फिल्म करायची नसली तरी जावं.

आणि अॅनिमेशन म्हणजे काहीतरी परदेशी असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी, दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले. सयाजीरावांनी १८९० साली सुरू केलेलं कलाभवन, आज तिथे एमएस युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे. त्याच फाळक्यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' ही छोटी फिल्म केली, काड्या थोड्या थोड्या सरकवून एकेक फ्रेम घेत. आम्ही रात्री जेवणं झाल्यावर जे करत होतो ते हेच, फरक एवढाच की चुकलं तर आम्हाला कंट्रोल झेड होतं आणि त्यांना नव्हतं. मला याचा फार अभिमान वाटतो आणि तो लपवायचं काही कारण दिसत नाही.

रेटिंग द्यायचंच तर आवाज धरून हातानं चित्रं काढायला पाचपैकी साडेचार, लांबलचक एकसंध फिल्म करायला तीन, कारण तिथे फाइली सांभाळण्यातच जीव जातो. शिकायला सोपं आहे का, तर ज्याला आधी चित्र काढता येतं त्याला हो. ज्याला येत नाही त्यानंही करावं असं मी म्हणेन, फक्त माणसं काढू नका, वस्तू काढा. बंब, ट्रंक, ताट, जिना. आमच्या फिल्ममधला सगळ्यात आवडला गेलेला शॉट बंबाचाच आहे आणि तो मी काढलाय, जिला शाळेत चित्रकलेत कधी धड मार्क पडले नाहीत.

लॅपटॉपला १६ जीबी रॅम असेल तर निवांत, ८ जीबी असेल तर शॉट छोटे ठेवा आणि क्रोम बंद करा. क्रिता त्यांच्या स्वतःच्या साइटवरून फुकट उतरवा, स्टीम या ऑनलाइन दुकानावर आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर तेच पैसे देऊन मिळतं, ते पैसे डेव्हलपमेंटला जातात, आम्ही फुकट घेतलं आणि काम झाल्यावर देणगी दिली. ताई पुढच्या महिन्यात दादरला चाललीय, आजीच्या भावाच्या घरी, त्यांच्याकडे त्या सकाळची आणि बंबाची गोष्ट वेगळीच सांगतात म्हणे. रेकॉर्डर घेऊन चाललीय, आणि यावेळी स्टोरीबोर्डची प्रिंटही सोबत नेतेय.